तू काय म्हणालीस, मी काय सांगितलं

४ मार्च

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. तू पन्नाशीला टेकलीस आणि तुझी लेक माझ्या डोक्यावरून बघायला लागली, तरी मी आशीर्वादच लिहिणार. ताईपणाचा तेवढा एकच हक्क माझ्याकडे उरलाय.

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोन केला असता, पण तुझं नाव ऐकलं की आई माझ्या हातातून फोन हिसकावते, "भाचीशी बोलू दे मला" म्हणते आणि बघता बघता तुझ्या लेकीच्या लग्नापर्यंत पोचते. माझं बोलायचं राहूनच जातं. तिचे गुडघे सोडले तर बाकी सगळं शाबूत आहे, विशेषतः जीभ.

आमचं ऑफिस अजून तिथेच, दवाखान्याच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारच्या खोलीत. दोन टेबलं, अकरा खुर्च्या आणि गळकी किटली. तू आली होतीस तेव्हा सात दुभाषी होते, आता एकतीस आहेत. ज्या पेशंटला इथली भाषा येत नाही त्याच्याबरोबर आमचं माणूस डॉक्टरपर्यंत जातं, त्याचं दुखणं डॉक्टरला सांगतं आणि डॉक्टरचं म्हणणं त्याला. पगार कुणालाच नाही, तरी सगळे रजेचे अर्ज मात्र नेमाने देतात! परवा एक निवृत्त बस कंडक्टर आलेत. पहिल्याच दिवशी वॉर्डात शिरले आणि सवयीनं म्हणाले, "पुढे सरका, पुढे जागा आहे." पेशंट बिचारा खरंच पलंगावर सरकून बसला.

आता मुद्द्याचं. म्हणजे फार मुद्द्याचं असं काही नाही, पण कळवायला हवं.

आपल्या त्या शाळेला पंच्याहत्तर वर्षं होताहेत. त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांतून पाच जण निवडलेत, ज्यांनी पुढे काही समाजाचं काम केलं असे. त्यात माझं नाव आहे. कारण मी सगळीकडे सांगत आलेय की हे दुभाष्यांचं काम मला शाळेच्या भाषासोबतीवरून सुचलं. ते खरंच आहे. तुला आठवत असेल, चाळीस देशांची पोरं तिथं, इंग्रजी न येणारं कुणी नवीन आलं की त्याच्याच भाषेतलं एक मोठं मूल त्याला एका सत्रापुरतं जोडून द्यायचे. निळी फीत लावून. तुला मी मिळाले होते.

तर त्यांनी कुठून तरी जुनी नोंदवही शोधली, त्यात माझ्या नावापुढे तुझं नाव सापडलं. तुला एक पाकीट येईल. आमंत्रण असेल. तू मनावर घेऊ नकोस. तुझ्या दुकानात गणवेशांची घाई असणार, एकेका शाळेचे चारशे चारशे सदरे कापायचे म्हणजे काय खेळ आहे? शिवाय कार्यक्रम कंटाळवाणा, भाषणांवर भाषणं. मोठ्या सभागृहात आवाज घुमतो, तुझ्या कानाला त्रास होईल. आणि त्या शाळेनं तुला दिलं तरी काय, सात महिन्यांत परत गेलीस. नाही आलीस तर कुणी काही म्हणणार नाही, मी सांभाळून घेईन.

पाकिटात माझ्याबद्दल जे छापलंय तेही फार वाचत बसू नकोस. छापणारे एकाचं दोन करतात.

जावईबापूंना नमस्कार, लेकीला गोड पापा. मामांची तब्येत कळव.

तुझी,
ताई


२३ मार्च

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र शनिवारी आलं. आज बुधवार. मधले चार दिवस ते माझ्या पर्समध्ये होतं, ऑफिसात जाताना, येताना, बाजारात. आता स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडं ठेवलंय आणि समोर लिहायला बसलेय. आई शेजारच्या खोलीत आहे. दार मी मुद्दाम उघडं ठेवलंय.

तू लिहिलंस, "ताई, मी येणारच. तिकीट काढलं. सदरे गेले खड्ड्यात. त्यांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलेत. इंग्रजी आपल्याला जमायचं नाही, पण पत्रात लिहिलंय की मी आपल्या भाषेत बोलायचं आणि तू शेजारी उभी राहून सांगायचं, तेव्हासारखं. मी एवढंच म्हणणारेय, की त्या शाळेत माझं कुणी ऐकलं नाही, पण ताई माझ्या बाजूनं तीनदा बोलली. कुणीतरी हे सगळ्यांसमोर सांगायलाच हवं. आणि अजूनही घरातल्या कुठल्याही कार्यात न चुकता माझ्या उजव्या बाजूला येऊन बसते ती एकटी तूच. नवरासुद्धा विसरतो."

मागच्या पत्रात मी तुला येऊ नकोस म्हणून सुचवत होते, ते तुझ्या कानासाठी नव्हतं, भिंगरे. ते माझ्यासाठी होतं. तू ते ओळखलं नाहीस, कारण माझ्याबद्दल वाईट विचार करायची तुला सवयच नाही. ती सवय तुला लागू नये याची काळजी मी चाळीस वर्षं घेतलीय.

तुला ती लिंबाची गोळी आठवते. प्रत्येक लग्नात तू ती गोष्ट सांगतेस. "मी म्हणतेय कान फुटतोय आणि सिस्टर मला देतेय लिंबाची गोळी! गोऱ्यांचं औषध!" सगळे हसतात. मीही हसते. मागच्या वेळी तर मी म्हटलं, "गोळी तरी चांगली होती का गं?" आणि तू पोट धरून हसलीस. घरी येऊन मी आरशात बघितलं नाही.

ती गोळी तुला का मिळाली ते आज सांगते.

तू आलीस तेव्हा मी तेरा वर्षांची होते, तू नऊ. मामी दवाखान्यात होती, मामांना काही सुचत नव्हतं, म्हणून आईनं तुला आमच्याकडे आणलं आणि माझ्याच शाळेत, माझ्याच वसतिगृहात घातलं. घर तिथून सहा तासांवर, जायचं महिन्यातून एकदा. मला त्या शाळेत दोन वर्षं झाली होती. दोन वर्षं मी जिवाचा आटापिटा करून त्यांच्यासारखी झाले होते. त्यांच्यासारखं बोलायचं, त्यांच्यासारखं खांदे उडवायचे, जेवताना त्यांच्यासारखं एकेक वाटाणा काट्यानं टोचत बसायचं. कुणालाच आठवेनासं झालं होतं की मी कुठून आले. आणि एका सोमवारी तू आलीस, आईनं विणलेला तो लाल स्वेटर घालून, आणि भर भोजनगृहात "ताईऽऽ" अशी हाक मारलीस.

त्या दिवसापासून तू माझ्या स्वेटरचं टोक धरून चालायचीस. माझ्या मैत्रिणी तुला माझी शेपटी म्हणायच्या. मी त्यांच्याबरोबर हसायचे. तुला कळायचं नाही, म्हणून तूही हसायचीस.

भाषासोबतीचं काम आम्हाला एक म्हाताऱ्या बाई शिकवायच्या. त्यांचं म्हणणं एवढंच असायचं, की ज्याचं बोलणं आहे ते त्याचं आहे, तुम्ही ते फक्त उचलून पलीकडे ठेवायचं, वाटेत खायचं नाही. मला ते फार आवडलं होतं. खरंच आवडलं होतं, यात खोटं नाही. निळी फीत लावली तेव्हा मी ताठ चालत होते.

आणि नियम असा होता, की आपल्या सोबतीचं मूल आजारखोलीत राहिलं तर आपणही तिथं राहायचं. दिवसभर, डॉक्टर येईपर्यंत, लागलं तर चार दिवस.

त्या महिन्यात आमच्या वर्गाची तळ्यावर होड्यांची सहल होती. शनिवारी. एवढंच कारण आहे. मी चाळीस वर्षं याहून मोठं कारण शोधतेय आणि सापडत नाही. होड्यांची सहल, आणि ज्या मुलीशेजारी बसायला मिळावं म्हणून मी दोन वर्षं धडपडत होते तिनं माझ्यासाठी जागा धरली होती.

तू मंगळवारी पहिल्यांदा म्हणालीस कान दुखतोय. मी तुला आजारखोलीत नेलं. तू सिस्टरांना सगळं सांगितलंस, हातवारे करून, नाक ओढत. सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी सांगितलं, की हिला घरची आठवण येतेय.

त्यांनी मायेनं तुझ्या गालावर हात फिरवला आणि बरणीतून लिंबाची गोळी काढून दिली. घरची आठवण येणाऱ्या प्रत्येक मुलाला त्या तीच गोळी द्यायच्या. कानाला नव्हती ती.

तुला इंग्रजी येत नव्हतं. तू तुझं नीट, सगळं सांगितलंस, आणि मग मला त्यांच्याशी बोलताना बघितलंस, म्हणजे तुझ्या दृष्टीनं निरोप पोचला होता. दुखणं ऐकून ज्यांनी गोळी दिली ते लोक दगडाचे होते, आणि ताई बिचारी तुझ्यासाठी भांडत होती. तू हेच धरून बसलीस. मी तुला ते धरून बसू दिलं.

तीनदा गेलो आपण. तीन आठवड्यांत तीनदा. सहल पहिल्याच शनिवारी होऊन गेली होती. मग पुन्हा का खोटं सांगितलं? कारण आता खरं सांगितलं असतं तर पहिलं खोटं उघडं पडलं असतं, आणि निळी फीत गेली असती.

महिना संपला, आपण घरी आलो तेव्हा तू तापानं फणफणली होतीस आणि उशीवर पिवळा डाग होता. पुढचं तुला माहीत आहे. ऑपरेशन झालं, डाव्या कानाचं ऐकणं गेलं, मामा येऊन तुला घेऊन गेले. जाताना दारात म्हणाले, "तोंड शिवलं होतं का तुझं? दुखतंय म्हणून सांगायला काय झालं होतं?" तू म्हणालीस, "सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही." मी तिथंच जिन्यावर उभी होते. तुझी पिशवी माझ्या हातात होती. तेव्हापासून घरात तुझं नाव पडलं, पोरगी घुमी आहे, दुखणं अंगावर काढते. तुझ्या बाळंतपणातसुद्धा मामी डॉक्टरांना सांगत होती, "ही सांगणार नाही हं, हिच्याकडे लक्ष ठेवा." तू, घुमी! तुझ्याइतकं स्पष्ट माझ्यापुढे आजवर कुणी बोललेलं नाही.

हे दुभाष्यांचं काम मी का काढलं ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. आईच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी मी वॉर्डात बसले होते. शेजारच्या पलंगावरचा म्हातारा डॉक्टरला त्याच्या भाषेत काही तरी सांगत होता, चांगली पाच मिनिटं, आणि त्याच्या पुतण्यानं डॉक्टरला सांगितलं, "बरं वाटतंय म्हणतात." म्हातारा त्या पुतण्याकडे समाधानानं बघत होता. निरोप पोचला म्हणून. तो चेहरा मी ओळखला. दुसऱ्या आठवड्यात मी दवाखान्याच्या अधिकाऱ्यांच्या दारात जाऊन बसले.

शाळेनं मला हे दिलं असं मी व्यासपीठावरून सांगते. ते खोटं नाही, भिंगरे, तेच तर वाईट आहे. त्या म्हाताऱ्या बाईंनी शिकवलेलंच मी माझ्या एकतीस जणांना शिकवते, त्यांच्याच शब्दांत. फक्त मधली गोष्ट गाळते. पहिल्यांदा एका बातमीदार बाईंनी विचारलं, हे कसं सुचलं, तेव्हा मी एवढंच म्हटलं, की मी शाळेत भाषासोबती होते. त्यांनी विचारलं, कुणाची? मी म्हटलं, लहान बहिणीची. त्यांचे डोळे पाणावले. पुढच्या वेळी मीच त्यात तुझा लाल स्वेटर घातला. त्याच्या पुढच्या वेळी म्हटलं, "मी तिचा आवाज होते." ते आता आमच्या माहितीपत्रकावर छापलंय. तुला आलेल्या पाकिटातही तेच असणार. तू ते वाचून रडलीस असं लिहिलंयस. मला तोंड दाखवायला जागा नाही.

आमच्याकडे एक नियम आहे, त्याचं सगळे कौतुक करतात. दुभाष्यानं डॉक्टरला काय सांगितलं ते त्यानं लगेच पेशंटला त्याच्या भाषेत परत सांगायचं. "तुम्ही असं म्हणालात, मी असं सांगितलं." मग पेशंटनं मान हलवली तरच पुढे जायचं. कंडक्टरकाका कुरकुरतात, म्हणतात याच्यानं दुप्पट वेळ जातो. लोक विचारतात, हा नियम कुठल्या पुस्तकातला. कुठल्याच नाही. तो तुझा नियम आहे. तेव्हा असता तर पहिल्या मंगळवारीच मी पकडली गेले असते.

तर आज मी तो पाळते.

पहिल्यांदा तू म्हणालीस: "डाव्या कानात ठणकतंय. आतून कुणी खिळा ठोकतंय असं वाटतं." मी सांगितलं: "हिला घरची आठवण येतेय."

दुसऱ्यांदा तू म्हणालीस: "कानातून पाणी येतंय, उशी ओली होते. पण आईला कळवू नका, ती दवाखान्यात आहे." तू कानावर हात दाबून धरला होतास. सिस्टरांनी आपणहून विचारलं, "कान दुखतोय का हिचा?" मी सांगितलं: "नाही, खोलीत मुली गोंगाट करतात म्हणून ती कान झाकते."

तिसऱ्यांदाचं शेवटी लिहिते. त्याला अजून हात उचलत नाही.

काल हे सगळं मी आईला सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. सोलायची थांबली नाही. सगळे संपले तेव्हा म्हणाली, "पोरगी मला म्हणाली होती, आत्या, मी सांगितलं होतं. मी तिला खोटारडी म्हटलं." मग टरफलं गोळा करून उठली आणि आपल्या खोलीत गेली. रात्री जेवली नाही. आज सकाळी मला एवढंच म्हणाली, "तिला आधी कळव. मग माझ्याशी बोल."

शाळेलाही पत्र लिहिलंय. त्यात हेच आहे, थोडक्यात. दोन्ही पाकिटं आज एकदमच टाकणार आहे, म्हणजे मला मागे फिरायला वाट राहणार नाही. त्यांनी मला त्या पाचांतून काढलं तर योग्यच आहे. पण तुझं बोलणं त्यांनी रद्द करू नये असं मी लिहिलंय. तुझं तिकीट निघालंय, तुझं नाव नोंदवहीत आहे, आणि त्या इमारतीत तुझं कुणीच ऐकलेलं नाही, हे तुझं म्हणणं अजूनही खरंच आहे.

आलीस तर तू जे बोलशील ते मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगेन, माझ्याबद्दलचं आधी. सांगून झालं की तिथंच, सगळ्यांसमोर, तुला परत सांगेन मी काय सांगितलं ते. माझ्यावर भरवसा नसेल, आणि नसावाच, तर कंडक्टरकाका यायला तयार आहेत. त्यांना आपली भाषा येते, इंग्रजीही, आणि ते एक अक्षर इकडचं तिकडे करत नाहीत. त्यांना मी सांगून ठेवलंय, उजव्या बाजूला उभं राहायचं.

आता तिसऱ्यांदाचं.

तिसऱ्यांदा तू फार बोलली नाहीस. तू म्हणालीस: "ताई, त्यांना म्हण, खूप दुखतंय." मी काहीच सांगितलं नाही. सिस्टरांशी हवापाण्याचं बोलले. मग तुझ्याकडे वळून म्हटलं, "सिस्टर म्हणतात, इथं एवढ्या तेवढ्यासाठी कुणी रडत नाही. पुन्हा येऊ नकोस." तू मान हलवलीस. त्यानंतर तू कुणालाच काही सांगितलं नाहीस, मलासुद्धा.

सिस्टर तसं म्हणाल्याच नव्हत्या, भिंगरी. त्या तुझ्यासमोर गुडघ्यावर बसल्या होत्या, तुझे दोन्ही हात हातात घेऊन, आणि त्यांनी मला तुला एक विचारायला सांगितलं होतं. ते मी विचारलं नाही. चाळीस वर्षं ते माझ्याकडेच पडून आहे. आज पोचवते.

त्यांनी विचारलं होतं: "तुला आणखी काही सांगायचंय का, बाळा?"

उत्तर ऐकायला थांबलेली,
तुझी भाषासोबती